सात रोजांची घागर

शेंडेजी कोणाकडेही पाहायचे ते आधी कानाच्या पाळीकडे. आमच्या मत्स्यबीज केंद्रावर ते बदलून आले, त्या दिवशी मी उठून नमस्कार केला, नाव सांगितलं, चहा मागवला, आणि हे गृहस्थ माझ्या डाव्या कानावर नजर लावून बसलेले. चहा अर्धा झाल्यावर म्हणाले, "ठीक आहे, साहेब." काय ठीक आहे ते सांगितलं नाही. पुढे आठवडाभर मी आरशासमोर उभा राहून स्वतःचा कान चाचपत होतो.

मागाहून कळलं, की आधीची बरीच वर्षं ते कुष्ठरोग पथकात होते. सायकलवरून गावोगाव जायचं, कानाच्या पाळीला बारीकशी चीर द्यायची, तिथला द्राव काचपट्टीवर घ्यायचा, रंग चढवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली लाल काड्या शोधायच्या, हे त्यांचं काम. त्यांची सायकल दिसली की चांगली धडधाकट माणसं धानाच्या बांदीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, लपून बसत. तिथली जागा कमी झाली आणि 'सूक्ष्मदर्शक हाताळता येतो' एवढ्या शेऱ्यावर त्यांची रवानगी आमच्याकडे झाली. जंतू तो जंतू, माणसाचा काय अन् माशाचा काय, असा सरकारी हिशेब. गंमत म्हणजे या एका बाबतीत सरकारचं फारसं चुकलं नाही.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. भंडारा आणि लाखनीच्या मधे, मोठ्या रस्त्यावरून आत, एका जुन्या तलावाच्या पायथ्याशी आमचं केंद्र होतं. रोहू, कतला, मृगळ यांची अंडी उबवायची, पिल्लं बोटाएवढी झाली की त्यांना बोटुकली म्हणायचं आणि गावोगावच्या मासेमार संस्थांना तलावात सोडायला द्यायची, एवढा कारभार. मी मूळचा तुमसरचा, गिरणीच्या भोंग्यावर उठणारा आणि भोंग्यावर जेवणारा. माशांशी माझा संबंध ताटापुरता होता. अधिकारी म्हणून मला एकच गोष्ट कळत होती, ती म्हणजे वरून आलेलं उद्दिष्ट पुरं करणं. त्या उद्दिष्टाच्या आड पहिल्याच पावसाळ्यात शेंडेजी आले.

उंच, पुढं वाकलेला माणूस. पांढरा सदरा, पायजमा, आणि काचपट्ट्यांना लावायच्या रंगानं कायमची जांभळी झालेली बोटं. हसत नसत असं नाही, पण दुसऱ्यांचं हसून संपलं की यांचं सुरू होई. आपण धीवर, तलावावर वाढलो, असं ते सहज सांगत; मात्र मासा पाहून तोंडाला पाणी सुटलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही. बोटुकली उड्या मारताना दिसली की आम्ही खूश व्हायचो. हे म्हणायचे, "उडून राहिली, चांगली गोष्ट आहे. पन मले उडी नाही पाहावाची जी. पोटात काय आहे थे पाहावाचं आहे."

त्यासाठी त्यांनी घागरी मांडल्या. केंद्राच्या ओसरीत ओळीनं मातीच्या घागरी, प्रत्येकीवर खडूनं तळ्याचा नंबर. ज्या तळ्यातली बोटुकली गावाला जायची असेल, त्यातली वीस धरून घागरीत टाकायची. पाणी जेमतेम, जागा कमी, खाणं नाही. दुपारी घागर उन्हात सरकवायची आणि सात रोज तशीच ठेवायची. सात रोजांनी मासे चिरून, पाठीच्या कण्याला चिकटलेल्या मूत्रपिंडाचा ठिपका काचेवर घ्यायचा आणि पाहायचा.

"पहिल्याच दिवशी चिरून का पाहत नाही?" मी विचारलं होतं.

"थोडे असले का दिसत नाही, साहेब. महारोगातबी असंच. मानूस चांगला खाऊनपिऊन असते, काचेवर काही भेटत नाही. मंग एखादी बाई बाळंत होते, एखादा मानूस उपाशी राह्यते, का आजार आला भायेर. आराम आहे तवरी थो लपून राह्यते. तरास देल्ला का निंगते."

हे ऐकायला बरं होतं, पण करायला क्रूर वाटायचं. आमच्या मजुरांनी तर त्यांचं नाव 'पंचनामा' ठेवलं. जाळं घेऊन ते तळ्याकडे निघाले की बाया कुजबुजत, "आले वं पंचनामेवाले, आज कोनाचा नंबर?" शेंडेजींच्या कानांवर ते जात असणारच, कारण कानांची त्यांना चांगली पारख होती.

पहिल्या वर्षी चार नंबरच्या तळ्यातली बोटुकली केंद्रात सगळ्यात देखणी निघाली. मोठे साहेब जिल्ह्यावरून आले, तर पितळी थाळीत ती घेऊन मी त्यांना दाखवली. आमच्याकडची ही जुनी रीत: थाळीतलं पाणी हातानं गरगर फिरवायचं, मासा पाण्याच्या उलट पोहला की बीज जातिवंत. सगळीच्या सगळी उलट पोहली. साहेब खूश. तेवढ्यात शेंडेजी ओसरीतून चार नंबरची घागर घेऊन आले आणि थाळीच्या शेजारी ठेवली. आतल्या माशांच्या परांच्या बुडाशी लाल डाग आले होते, सहासात पोट वर करून तरंगत होते.

"अहो, उन्हात उपाशी कोंडलेत तर मरतील नाही तर काय!" साहेब म्हणाले.

शेंडेजींनी दुसरी घागर आणली, दोन नंबरची. तेवढंच पाणी, तेवढंच ऊन, तेवढेच रोज. आतले वीसही मासे जिवंत, डाग म्हणून नाही. "यायलेबी कोंडलं होतं जी," एवढंच बोलले. साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि जीपकडे चालू लागले. दुसऱ्या दिवशी शेंडेजींनी चार नंबरचं तळं उपसून त्यात चुना टाकला. त्या पांढऱ्या तळाशी एवढी देखणी पिल्लं मरून पडलेली पाहून मला शेंडेजींचा संताप आला होता, हे कबूल करतो.

नियम तेव्हापासून पक्का झाला. सात रोज झाल्याशिवाय केंद्रातून बीज हलायचं नाही. संस्थांची माणसं यायची, चिडायची, चहा पिऊन परत जायची. आमदाराच्या ओळखीचा एक जण आला, त्यालाही त्यांनी घागरी दाखवून वाटेला लावलं. नाही म्हणताना त्यांचा आवाज चढत नसे आणि पडतही नसे. मला तो माणूस हळूहळू आवडायला लागला आणि त्याची थोडी भीतीही वाटायला लागली.

घागरीची सवय त्यांनी घरापर्यंत नेली होती. पंचफुला त्यांची एकुलती एक मुलगी. तिला पाहायला पहिला पोरगा आला, तो सकाळी दहाला. शेंडेजींनी पाहुण्यांना बसवलं आणि जेवणच वाढू दिलं नाही. अकरा वाजले, एक वाजला, अडीच झाले. पोरगा आधी खोकला, मग पाय हलवायला लागला, मग स्वतःच्या आईवर खेकसला. शेंडेजींनी लगेच पानं वाढायला सांगितली, पोटभर जेवू घातलं आणि संध्याकाळी नकार कळवला. त्यांची बायको संतापून म्हणाली होती, "तुमाले पोरगी देवाची आहे का मासोई घागरीत सोडाची आहे?" दुसरा पोरगा आसगावचा. तो दीड वाजेपर्यंत गप्पा मारत बसला, मग विहिरीवरून पाणी काढून आईला दिलं आणि निंबाखाली बिनघोर झोपला. पंचफुला आसगावला गेली.

लग्नाला मी होतो. पोरीचा सासरा सोमाजी, आसगावच्या मासेमार संस्थेचा अध्यक्ष, रुबाबदार माणूस. वयानं शेंडेजींहून लहान, तरी शेंडेजी त्याच्या पाया पडले. पोरीच्या बापानं इवायापुढं मान खालीच ठेवायची, ही तिकडची रीत. व्याह्याला इवाई म्हणतात आमच्याकडे. मोठ्या साहेबांपुढं न वाकलेला हा माणूस तिथं लग्नभर वाकूनच वावरत होता. मला ते पाहून बरं वाटलं नाही, पण बापाचं असंच असतं म्हणून मी सोडून दिलं.

त्यानंतरची दोन वर्षं पावसानं ओढ दिली. आसगावचा तलाव दोन्ही साल भरला नाही. संस्थेची धीवर घरं मजुरीला बाहेर पडली. तिसऱ्या वर्षी श्रावण संपता संपता तलाव भरला आणि सोमाजी मेटाडोर घेऊन आमच्या दारात उभा राहिला. त्यांच्यासाठी ठेवलेल्या तळ्याच्या घागरीला तो पाचवा दिवस होता.

"इवाई, घेऊन जातो बीज," सोमाजी म्हणाला.

शेंडेजी उभे होते. "दोन रोज थांबा जी. सात होऊ द्या."

"दोन रोजात पोळा येते. मंग मेटाडोर भेटनार नाही, मंग पानी थंड होईन, मासोई वाढन कवा? दोन साल लेकरं उपाशी आहेत गावात. तुमची पोरगीबी त्याच घरात जेवते ना?"

शेंडेजींनी घागरीत पाहिलं. वीसही मासे जिवंत होते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "साहेब, तुमी सांगा," ते म्हणाले.

ती नजर मला आजही विसरता येत नाही. त्यांना इवायाला नाही म्हणता येत नव्हतं आणि तो नकार ते माझ्याकडून मागत होते. मी अधिकारी होतो. 'नियम आहे, सोमाजी, परवा या' एवढं मला म्हणायचं होतं. सगळा राग माझ्यावर आला असता आणि तो माणूस सुटला असता. मला मात्र वाटलं, त्यांच्या पोरीच्या सासरचं काम आहे, आपण आडवं कशाला यायचं, उलट उपकारच होतील. आणि उद्दिष्टही पुरं होत होतं. "पाच दिवस झालेत, शेंडेजी," मी म्हणालो, "सगळे मासे तर ठणठणीत आहेत. जाऊ द्या." आणि पत्रावर सही केली.

शेंडेजींनी स्वतः जाळी धरून बीज भरून दिलं.

सातव्या दिवशी सकाळी ते माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. म्हणाले, "चला." मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. निळसर धुरकट पडद्यावर लाल काड्या, जिकडे पाहावं तिकडे. बाहेर घागरीत पाच मासे तरंगत होते आणि उरलेले काठाला अंग घासत होते. मी काय बोललो ते आठवत नाही. ते बोलले ते आठवतं: "सगळ्यायले घागरीत टाकलं जी म्या. मीच राह्यलो होतो."

त्याच दिवशी एस.टी.नं ते आसगावला गेले. मीही गेलो, तेवढी लाज मला होती. सोमाजीच्या अंगणात माणसं जमली. शेंडेजींनी हात जोडून सांगितलं, की बीज बिघडलेलं आहे, आजच तलावात मोहाची ढेप टाकून ते मारून टाका, चुना टाका, मी दुसऱ्या तळ्यातलं बीज पोहोचवतो. कोणी तरी जाळं टाकून पितळी थाळीत बोटुकली घेऊन आलं. पाणी फिरवलं. सगळी उलट पोहली.

"हे बिमार आहेत काय?" सोमाजीनं विचारलं.

"आता चांगलीच दिसन," शेंडेजी म्हणाले. "उन्हाळ्यात पानी कमी होईन, तपन, तवा निंगन."

लोक हसले. सोमाजी हसला नाही. "पोरगी देल्ली म्हनून तलावबी तुमचा झाला काय, इवाई? भरल्या पान्यात जहर टाका म्हनता? दोन सालानं भरला तलाव, अन् तुमी अभद्र बोलून राहिले." दारात पंचफुला उभी होती. तिच्याकडे न पाहता तो म्हणाला, "दिवाळीले पोरगी येनार नाही. निरोप धाडू नका."

मासे वाढले. दिवाळीला वीतभर झाले, संक्रांतीला त्याहून मोठे. पवनीच्या बाजारात आमच्या केंद्राची थट्टा व्हायला लागली. कोणी ताजा मासा हातात घेऊन ओरडायचा, "घ्या, बिमार मासोई घ्या!" मीदेखील मनात म्हणू लागलो, की शेंडेजी चुकले असतील. त्यांनाही तेच हवं होतं. "मी चुकलो असन त बरं होईन, साहेब. देवाले हेच मांगतो," असं ते एकदा म्हणाले, आणि लगेच पुढे, "पन काचेवर दिसलं ना."

दर रविवारी ते आसगावला जायचे. गावात शिरायचे नाहीत. बांधावर एका जागी बसून पाणी पाहायचे, कुठं मासा काठाशी अंग घासतो का, कुठं सुस्त तरंगतो का. समोरच्या घाटावर पंचफुला कपडे धुवायला यायची. मधे पाणी. बोलायची मनाई होती, ती दोघांनीही पाळली.

सोमवारी मी विचारायचो, "भेट झाली?"

"पाह्यलं."

"कशी आहे?"

"भायेरून त बरी दिसते," असं म्हणून ते घागरी धुवायला घ्यायचे.

वैशाखात निरोप आला. निरोप शेंडेजींना नव्हता, केंद्राला होता: मासे मेले, साहेबांनी यावं. शेंडेजीही जीपमध्ये येऊन बसले. जीप बांधाखाली थांबवली तेव्हा वर चढण्याआधीच वास आला आणि मी नाकाला रुमाल लावला. तलाव आटून मधे गुडघाभर गढूळ पाणी राहिलं होतं आणि त्यावर हातभर लांबीचे मासे खच्चून तरंगत होते. पोटं फुगलेली, खवले उभे राहिलेले, परांच्या बुडाशी लाल. काही अजून जिवंत होते आणि मेलेल्यांच्या मधून तोंड वर काढत होते. बांधावर अख्खं गाव उभं होतं. दोन उपाशी वर्षांनंतरचं पीक होतं ते.

मला वाटलं होतं, आता तरी म्हणतील, शेंडेजी खरं बोलले होते. एक म्हातारा धीवर शेंडेजींकडे बोट दाखवून म्हणाला, "रविवारी रविवारी येऊन बसे ना हा, त्याचंच आहे हे." आणि तेच सगळ्यांना पटलं, हे मी त्यांच्या तोंडांवर पाहिलं.

शेंडेजींचं लक्ष बांधाच्या खालच्या कोपऱ्यात होतं. तिथं तुडूम असतं, म्हणजे बांधातून पाणी सोडायची दगडी मोरी. तिचं भोक लाकडी खुंट्यानं बुजवलेलं असतं. चार माणसं पहार घेऊन तो खुंटा काढायला निघाली होती. घाण पाणी वाहून जाऊ द्यायचं, तलाव कोरडा करायचा, असं गावानं ठरवलं होतं. ते पाणी नाल्यानं खालच्या तलावात जाणार होतं, तिथून त्याच्या खालच्या, आणि तिथून आणखी एका. त्या तिन्ही गावांनीही यंदाच बीज सोडलं होतं, चांगलं, सात रोज पुरे झालेलं.

साठीला आलेला तो माणूस बांधावरून धावत गेला आणि खुंट्यावर जाऊन बसला.

सोमाजी पुढं झाला. रुबाब सगळा गेला होता त्याचा, डोळे सुजलेले होते. "उठा, इवाई. गावात ढोरं पानी पिऊन राहिले हे. वासानं लेकरं ओकून राहिले. हात जोडतो, उठा."

"नाही," शेंडेजी म्हणाले. मान वर होती. "इतंच आटू द्या. इतंच चुना टाकू. खाली नाही जाऊ देनार."

"मी इवाई आहो तुमचा!"

"म्हनूनच त झालं, सोमाजी."

पहारवाल्यांपैकी एकानं शेंडेजींच्या दंडाला धरलं. मी ओरडलो, पण माझं कोण ऐकतो. तेवढ्यात बाया बाजूला झाल्या आणि पंचफुला खाली उतरली. सासऱ्यापुढं डोक्यावरचा पदर ढळू न देता ती म्हणाली, "मामाजी, बाबा नाही म्हनते त खोलू नका."

"मंग जाय तूबी बापासंगं," सोमाजी म्हणाला. "सामान घे आन् जाय."

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. निंबाखाली बिनघोर झोपलेला तोच पोरगा. तो मेलेल्या माशांकडे बघत उभा राहिला. ती घरी गेली आणि थोड्या वेळानं पत्र्याची पेटी उचलून घेऊन आली, लग्नात बापानं दिलेली. मी पुढं होऊन म्हणालो, "शेंडेजी, जीपमध्ये बसा दोघंही. मी तुम्हाला घरी सोडतो आणि तसाच जिल्ह्यावर जाऊन हुकूम आणतो."

"तुमी व्हा पुढं," ते म्हणाले. "आमी उठलो का खुंटा निंगन."

त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही. बीज मुदतीआधी सोडल्याबद्दल माझी चौकशी लागली, तिच्यासाठी मला जिल्ह्यावरच ठेवून घेतलं, दुसऱ्या दिवशी हुकूम आणि चुन्याची पोती घेऊन दुसराच अधिकारी गेला, आणि महिन्याभरात तिथूनच माझी बदली झाली. खालचे तिन्ही तलाव वाचले, एवढं मला कागदावरून कळलं. पंचफुला पुन्हा आसगावला नांदायला गेली की नाही, हे कोणाला विचारायचं धाडस मला झालं नाही.

त्या दिवशी जीप वळली तेव्हा मी मागं वळून पाहिलं. ऊन रणरणत होतं. शेंडेजी जरा सरकले होते, पंचफुलानं पेटी त्या खुंट्यावर ठेवली होती आणि ती पेटीवर बसली होती. भोवती पहारी घेतलेली माणसं उभी होती. त्यातला एक जण खाली बसला, मग दुसरा बसला.